दात काढण्याची सोय तालुक्यात, दात बसवण्याची मात्र बांबोळीत: गोव्याच्या आरोग्य खात्याला खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य
माननीय संचालक, आरोग्य सेवा संचालनालय, पणजी
माननीय अधिष्ठाता, गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालय, बांबोळी

विषय: कवळी आणि इतर कृत्रिम दात बसवण्याची सेवा तालुका पातळीवरील आरोग्य केंद्रांत सुरू करण्याबाबत

सविनय नमस्कार.

मी डिचोली तालुक्यात खासगी दवाखाना चालवणारा दंतवैद्य आहे. माझ्याकडे डिचोलीबरोबरच सत्तरीतले बागायतदार, खाणींवर उमेदीची वर्षे घालवलेले कामगार, शाळांतून निवृत्त झालेले शिक्षक आणि देवळातल्या भजनाला नेमाने जाणारी वृद्ध मंडळी येतात. हे पत्र एकाच मागणीसाठी आहे, म्हणून ती सुरुवातीलाच मांडतो. ज्या सरकारी आरोग्य केंद्रात रुग्णाचा दात काढला जातो, त्याच केंद्रात त्या जागी दुसरा दात बसवून मिळण्याची व्यवस्था सरकारने करावी, आणि जोवर रिकामी जागा भरून निघत नाही तोवर त्या रुग्णाचा उपचार पूर्ण झाला असे कागदोपत्री मानू नये.

ही मागणी मी गोव्याकडे करतो याचे कारण गोव्याजवळ त्यासाठी लागणारे बहुतेक सारे आहे. बांबोळीचे दंत महाविद्यालय 1980 पासून उभे आहे. या राज्यातल्या दंतवैद्यांच्या कित्येक तुकड्या तिथे घडल्या, आणि तिथल्या कृत्रिम दंतशास्त्र विभागात कवळीपासून जबड्याच्या गुंतागुंतीच्या पुनर्रचनेपर्यंतची कामे होतात. तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांत दंतविभाग आहेत, खुर्च्या आहेत, शिकलेले आणि मनापासून काम करणारे दंतशल्यचिकित्सक आहेत. आकाराने लहान असलेल्या राज्यात एवढी यंत्रणा असणे ही मोठीच गोष्ट आहे. उणीव आहे ती या दोन टोकांना जोडणाऱ्या दुव्याची. तालुक्यातला दंतवैद्य किडलेली दाढ काढू शकतो, पण तिच्या जागी दात बनवून देण्यासाठी त्याच्याजवळ ना तंत्रज्ञ असतो ना प्रयोगशाळा, आणि म्हणून रुग्णाला चिठ्ठी देऊन बांबोळीला पाठवण्यावाचून त्याच्यापुढे मार्ग उरत नाही. चिठ्ठी घेऊन निघालेल्यांपैकी किती जण कवळी घालून परततात, याची नोंद कोणी ठेवत असल्यास ती सर्वांपुढे यावी. माझ्या दवाखान्यात जे येतात त्यांच्यातले पुष्कळसे पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीनंतर थांबलेले असतात.

दात काढण्याला फार तर अर्धा तास लागतो. दुखणे थांबते, सूज उतरते, आणि रुग्णाला वाटते की प्रश्न मिटला. तोंडात मात्र त्या दिवसापासून दुसरीच प्रक्रिया सुरू झालेली असते. शेजारची दाढ हळूहळू रिकाम्या जागेकडे कलते, समोरच्या जबड्यातला दात आधार नाहीसा झाल्यामुळे आपल्या जागेवरून खाली उतरतो किंवा वर चढतो, तिरप्या झालेल्या दातांच्या फटींत अन्न अडकते, तिथे कीड लागते आणि हिरडी सुजते. काही वर्षांनी तोच रुग्ण आणखी दोन दात काढायला येतो, आणि त्या वेळी कोणाला आठवत नाही की या दोन दातांचे नुकसान पहिल्या रिकाम्या जागेने केलेले आहे. हाडाची गोष्ट याहून गंभीर आहे. दात धरून ठेवणारे हाड दातासाठीच असते. दात गेला की ते झिजू लागते. काढलेल्या दाताच्या जागचे हाड पहिल्या वर्षभरात रुंदीने जवळपास निम्मे घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. सगळे दात गेलेल्या तोंडात खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट वेगाने झिजते. म्हणूनच वरची कवळी टाळूला धरून राहते आणि खालची जिभेच्या प्रत्येक हालचालीबरोबर उचलली जाते. ‘‘वरची बरी बसते हो, खालचीच त्रास देते’’ ही तक्रार प्रत्येक दंतवैद्याने ऐकलेली आहे. उपचार लांबवला की तो फक्त उशिरा होतो असे नाही, तो अवघडही होतो आणि त्याचा परिणाम कमी मिळतो.

आता मधुमेहाकडे वळतो, कारण माझ्या मते या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात गोव्यात मधुमेहाचे प्रमाण 26.4 टक्के आढळले, आणि हे प्रमाण देशातल्या सर्व राज्यांत अधिक होते. आरोग्य खाते या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहते, तपासण्या होतात, औषधे मिळतात, आहाराचा सल्ला दिला जातो. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना बळ देतात हे आता वैद्यकशास्त्रात मान्य झालेले आहे: साखर आटोक्यात नसली की हिरड्यांतली सूज वाढून दात हलू लागतात, आणि हिरड्यांतली जुनाट सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. पण दात गेल्यानंतर काय होते याचा विचार फारसा होत नाही. आहाराच्या कागदावर लिहिलेले असते की काकडी, गाजर, मुळा खा, मोड आलेली कडधान्ये खा, नाचणीची भाकरी खा, भात कमी करा. ज्या बाईच्या तोंडात समोरचे चार दात आणि एक हलणारी दाढ उरली आहे ती यातले काय खाऊ शकणार? ती सकाळी पेज पिते, दुपारी भात आमटीत कालवून गिळते, संध्याकाळी मऊ पाव चहात बुडवते. तिच्या ताटात कागदावर मना केलेलेच तेवढे उरते, आणि ते तिने हौसेने निवडलेले नसते. अशाच एका आजींनी मला विचारले होते, ‘‘डॉक्टर, काकडी मी किसून खाते, पण भाकरी कशी किसू?’’ त्यांच्या साखरेच्या गोळ्यांचा डोस वाढत गेला होता, आणि त्यांच्या केसपेपरवर दातांबद्दल एक ओळही नव्हती. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात वजन आणि रक्तदाब पाहिला जातो तसे रुग्णाच्या तोंडात चावण्याजोगे दात किती आहेत हेही पाहिले जावे, आणि उत्तर अपुरे असेल तर त्याच इमारतीतल्या दंतविभागात त्याची पुढची तारीख ठरावी. याला नवी इमारत लागत नाही, नवे यंत्रही लागत नाही.

गोव्याची लोकसंख्या इतर राज्यांच्या मानाने वृद्ध आहे हे आपण जाणताच. 2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजारांच्या घरात होती आणि साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण 11.2 टक्के होते. केरळनंतर सर्वाधिक प्रमाण गोव्यातच होते. म्हणजे तेव्हाच सुमारे 1 लाख 63 हजार ज्येष्ठ नागरिक या राज्यात होते, आणि त्यानंतर ही संख्या वाढलेलीच आहे. यातल्या अनेकांचा आधार दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दरमहा मिळणारे 2000 रुपये हा आहे. खासगी दवाखान्यात साध्या अॅक्रिलिकच्या पूर्ण कवळीला दहा हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत खर्च येतो. हा दर मी स्वतः लावतो, म्हणून त्यातला साहित्याचा, प्रयोगशाळेचा आणि वेळेचा हिशेब मला ठाऊक आहे, आणि तो फार खाली आणणे खासगी दवाखान्याला शक्य नाही हेही ठाऊक आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेने 2016 पासून गोव्यातल्या कुटुंबांना रुग्णालयातल्या खर्चापासून मोठे संरक्षण दिले. तीन किंवा कमी सदस्यांच्या कुटुंबाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे हे कवच आहे. परंतु भरती झालेल्या रुग्णाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या कोणत्याही विम्यात दातांचे नेहमीचे उपचार नीट बसत नाहीत, कारण कवळीसाठी कोणी खाटेवर झोपत नाही. रुग्ण येतो, माप देतो, घरी जातो, पुन्हा येतो. या कामाला विम्यापेक्षा जवळच्या केंद्रातली कायमची सेवाच उपयोगी पडते.

पूर्ण कवळी कशी बनते हे येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते, कारण अडचण नेमकी कुठे आहे आणि ती किती थोडक्यात सुटू शकते हे त्यातूनच दिसेल. पहिल्या भेटीत दोन्ही जबड्यांचे प्राथमिक माप घेतात. त्यावरून प्लास्टरचा साचा आणि त्या साच्यावर त्या रुग्णापुरता मापाचा ट्रे तयार होतो. दुसऱ्या भेटीत त्या ट्रेने हिरड्यांच्या कडांपर्यंतचे बारीक माप घेतात. तिसऱ्या भेटीत मेणाच्या कडा तोंडात ठेवून दोन्ही जबड्यांमधले अंतर आणि त्यांची एकमेकांशी जुळणी ठरवतात. चेहऱ्याची ठेवण, ओठांचा आधार, बोलताना दात किती दिसावेत हे सारे या भेटीत ठरते आणि कवळीचे यशापयशही बहुतांशी इथेच ठरते. चौथ्या भेटीत मेणावर लावलेले दात तोंडात घालून पाहतात, रुग्णाला आरशात दाखवतात, त्याच्याकडून आकडे मोजून घेतात. पाचव्या भेटीत पक्की कवळी मिळते, आणि त्यानंतर हिरडीला टोचणारी जागा घासून देण्यासाठी आणखी दोनतीन भेटी लागतात.

काणकोणहून बांबोळीचे अंतर 60 किलोमीटरहून अधिक आहे. सत्तरीच्या आतल्या गावातून निघणाऱ्याला आधी वाळपई गाठावी लागते आणि पुढे बस बदलावी लागते. सत्तर-पंचाहत्तरीच्या माणसाला एकट्याने हा प्रवास झेपत नाही, म्हणून सोबतीला मुलगा किंवा सून येते आणि तिचा दिवसाचा रोज बुडतो. सातआठ वेळा असे जाण्याऐवजी माणूस बोळक्या तोंडाने राहणे पत्करतो, आणि घरच्यांनाही त्याला दोष देता येत नाही. बांबोळीच्या डॉक्टरांचा यात काही दोष नाही. कवळीच्या पायऱ्या कमी करता येत नाहीत, त्या कमी केल्या तर कवळी बिघडते.

पण या सर्व पायऱ्यांमध्ये रुग्ण तोंड उघडून बसतो त्यातली एकही पायरी अशी नाही जी तालुक्याच्या आरोग्य केंद्रातल्या खुर्चीवर करता येणार नाही. प्रयोगशाळा लागते ती दोन भेटींच्या मधल्या काळात. म्हणजे प्रवास करायचा तर तो साच्याने करावा, रुग्णाने नव्हे. अल्जिनेटने, म्हणजे तोंडाचा ठसा घेण्याच्या मऊ मसाल्याने, घेतलेले माप हवेत ठेवले की आकसते, म्हणून ते तसेच बांबोळीला पाठवून चालणार नाही. त्यात केंद्रावरच लगेच प्लास्टर ओतावे लागेल. त्यासाठी प्लास्टर, एक कंपन देणारे छोटे यंत्र आणि प्रशिक्षित सहायक एवढेच पुरते. घट्ट झालेला साचा मग खोक्यात भरून कुठेही नेता येतो. मेणावर लावलेले दात आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बसच्या टपावर टाकले तर हलतील, म्हणून ते थंड पेटीतून न्यावे लागतील, आणि लसी थंड ठेवून गावोगाव पोचवण्याची शिस्त आपल्या खात्याच्या हाडीमाशी खिळलेली आहे. आठवड्यातून दोन ठराविक दिवशी खात्याचे एक वाहन तालुक्यांतले साचे उचलून बांबोळीला पोचवील आणि तयार झालेले परत आणील, एवढी व्यवस्था पुरेशी आहे.

यात खरी कमतरता पडेल ती दंत तंत्रज्ञांची. दात लावणे, मेण उतरवणे, अॅक्रिलिक भरून ते गरम पाण्यात तासन्‌तास ठेवून पक्के करणे, घासून चकाकी देणे हे सारे काम तंत्रज्ञ करतो; रुग्ण त्याला कधी पाहत नाही आणि सरकारी पदांच्या यादीतही तो सहजासहजी दिसत नाही. तालुक्यांचे काम महाविद्यालयाच्या आहे त्या प्रयोगशाळेवर लादले तर विद्यार्थ्यांचे शिक्षण आणि रुग्णांचे काम दोन्ही रखडेल. म्हणून तिथे केवळ तालुक्यांच्या कामासाठी तंत्रज्ञांची स्वतंत्र पदे निर्माण व्हावीत, ती कंत्राटी नसावीत, आणि या योजनेतला पहिला रुपया तिथे खर्च व्हावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. खुर्च्या विकत घेता येतात, उद्घाटने करता येतात. तंत्रज्ञ नसेल तर कवळी बनत नाही.

शिबिरांबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. मोफत कवळी वाटपाचे मोठे शिबिर भरवून एकदोन दिवसांत शेकडो लोकांची मापे घेण्याचा मोह कोणत्याही सरकारला होऊ शकतो. तसे करू नये. घाईने जबड्यांची जुळणी ठरवलेली कवळी तोंडात टोचते, बोलताना वाजते, जेवताना सरकते. माणूस ती काढून डब्यात ठेवतो आणि पुन्हा कोणत्याही कवळीवर विश्वास ठेवत नाही. उत्तम बनवलेली कवळीसुद्धा नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीच ताकद देते. ती वापरायला शिकावे लागते: आधी मऊ पदार्थ, लहान घास, दोन्ही बाजूंनी सारखे चावणे. ती रात्री काढून पाण्यात ठेवावी लागते, रोज ब्रशने स्वच्छ करावी लागते, नाहीतर तिच्याखाली टाळूला बुरशीचा संसर्ग होऊन लाली येते. हाड झिजत राहते म्हणून काही वर्षांनी तिच्या आतल्या बाजूला नवे अस्तर द्यावे लागते, आणि पुढे ती बदलावीच लागते. हे सगळे शिबिर संपल्यावर कोण करणार? तालुक्याचे केंद्र मात्र दुसऱ्या दिवशीही तिथेच असते.

सरकारी व्यवस्था दूर आणि खासगी महाग असली की मधली जागा कोण भरते हेही आपल्याला सांगायला हवे. नोंदणी नसलेले लोक तोंडातच कडक होणारे अॅक्रिलिक शेजारच्या दातांवर थापून ‘एका दिवसात पक्के दात’ बसवून देतात. तो दात काढता येत नाही, त्याच्याखाली साफ करता येत नाही, घट्ट होताना त्या मसाल्याने हिरडी भाजते, आणि वर्ष-दोन वर्षांत ज्या चांगल्या दातांना तो चिकटवलेला असतो तेही हलू लागतात. 1948 च्या दंतवैद्यक कायद्यापासून नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे बेकायदेशीर आहे. कारवाई जरूर व्हावी, परंतु परवडणारा रास्त पर्याय घराजवळ मिळत नाही तोवर कारवाईने ही वाट बंद होणार नाही, कारण तिथे जाणारा माणूस अडाणी नसतो, अडलेला असतो.

गेलेल्या दातांचे दुःख खाण्यापुरते नाही. समोरचे दात नसले की त, थ, द, ध, न हे वर्ण पुसट होतात, फ आणि व मध्ये हवा निसटते. आयुष्यभर भजनात पुढे बसून अभंग म्हणणारा माणूस दात गेल्यावर मागच्या रांगेत सरकतो आणि पुढे येईनासा होतो. जत्रेच्या नाटकात भूमिका करणारे, वर्गात शिकवणारे, बाजारात मालाचा भाव सांगणारे, सगळ्यांच्या बाबतीत हे घडते. तरुणांचे कारण वेगळे आहे. दुचाकीच्या अपघातात समोरचे दात तुटलेली मुले माझ्याकडे येतात, आणि ज्या राज्यात पुष्कळशा नोकऱ्या हॉटेलांत आणि पर्यटकांशी बोलण्याच्या आहेत तिथे तोंड मिटून मुलाखत देणाऱ्या मुलाला काय उत्तर मिळते ते मी सांगायला नको. या संदर्भात एक छोटी गोष्ट ताबडतोब करता येईल. अपघातात मुळासकट निघालेला पक्का दात अर्ध्या ते एका तासात परत त्याच्या खोबणीत बसवला तर तो पुष्कळदा जगतो. तो मुळाकडून न धरता वरच्या भागाने धरायचा, घासायचा नाही, माती लागली असेल तर क्षणभर स्वच्छ पाण्याखाली धरायचा, लगेच खोबणीत ठेवता आला तर ठेवायचा आणि नाहीतर दुधात घालून दंतवैद्याकडे न्यायचा. 108 रुग्णवाहिकेचे कर्मचारी, शाळांतले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि वाहतूक पोलीस यांना एवढे शिकवणे एका दुपारचे काम आहे. दुधाचे दात मात्र असे परत बसवायचे नसतात, हेही त्यांना त्याच वेळी सांगावे.

दात बसवण्याविषयी लिहिताना दात वाचवण्याविषयी न लिहिणे बरोबर होणार नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पहिली पक्की दाढ पालकांना बऱ्याचदा दुधाची वाटते, तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि पुष्कळदा तीच सर्वांत आधी जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लास आयोनोमर सिमेंट (दात भरण्याचे सिमेंट), सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड (कीड थांबवणारे औषध) आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांचा समावेश केला. यातले सिमेंट भरायला वीजही लागत नाही; हाताच्या हत्यारांनी मऊ कीड काढून ते शाळेच्या वर्गातसुद्धा भरता येते. आपल्या प्रत्येक केंद्रात या वस्तूंचा साठा बाराही महिने असावा. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेल्या दाढेची रूट कॅनाल तालुक्यात व्हावी, आणि त्यानंतरची कॅपही त्याच साच्यांच्या वाहनातून यावी. कारण रूट कॅनाल झालेली पण कॅप न बसवलेली दाढ पुढे चिरते आणि केलेले सगळे काम वाया जाते. तोंडात एकमेकांसमोर येणारे वीस दात टिकले तर बहुतेक माणसांचे खाणेपिणे कृत्रिम दातांवाचून चालते. जपानने 1989 मध्ये ऐंशीव्या वर्षी वीस दात हे उद्दिष्ट ठेवून मोहीम सुरू केली आणि ती अनेक दशके नेटाने चालवली. गोव्यानेही आपल्यासाठी असा एक आकडा ठरवावा आणि दर वर्षी तो जाहीर करावा.

इम्प्लांटबद्दल, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्याबद्दल, माझी भूमिका मर्यादित आहे. टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी एकजीव होतो हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी दाखवून दिले आणि 1965 मध्ये पहिल्या रुग्णावर तो उपचार केला. हे तंत्र आता सर्वत्र रुळले आहे, पण सरकारने प्रत्येक रिकाम्या जागी इम्प्लांट द्यावा असे मी म्हणणार नाही. तो पैसा आधी कवळीवाल्यांसाठी लागेल. ज्यांच्या खालच्या जबड्याचे हाड इतके झिजले आहे की कोणतीही कवळी टिकत नाही, त्यांच्यासाठी मात्र पुढच्या भागात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर अडकणारी कवळी देण्याची सोय बांबोळीत मोफत असावी. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात 2002 मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिल्या पसंतीचा उपचार मानला होता. तसेच तोंडाच्या कर्करोगात टाळूचा भाग काढावा लागलेल्या रुग्णांना, ज्यांचे पाणी गिळताना नाकातून येते, टाळूचे छिद्र बंद करणारी कवळी शस्त्रक्रियेपाठोपाठ मिळायला हवी. अशा रुग्णांना कोणत्याही प्रतीक्षायादीत उभे करू नये.

शेजारच्या कर्नाटकाने दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी मोफत कवळी देणारी ‘दंतभाग्य’ योजना आणली, केरळने तशीच ‘मंदहासम्’ आणली. दोन्ही राज्ये गोव्यापेक्षा कितीतरी मोठी आहेत, आणि त्यांना जे काम अनेक महाविद्यालयांत वाटून करावे लागते ते आपल्याकडे एका महाविद्यालयाभोवती उभे करता येईल. फक्त लाभार्थी ठरवताना दाखल्यांचा डोंगर मागू नये. तोंडात दात नाहीत हे दंतवैद्याला पाहताक्षणी दिसते, साठी ओलांडल्याचे आधारकार्ड सांगते. याहून अधिक कागद मागितला तर ज्यांना गरज सर्वांत जास्त तेच बाहेर राहतील. साहित्याची खरेदीही सर्वांत कमी दराच्या निविदेवर सोडू नये. लवकर झिजणारे हलके दात लावलेली कवळी स्वस्तात मिळते, पण दात झिजले की जबड्यांची जुळणी बिघडते आणि सगळे काम नव्याने करावे लागते. दर्जाची अट कृत्रिम दंतशास्त्र विभागाने लिहून द्यावी आणि निविदेने ती पाळावी.

सुरुवात सगळीकडे एकदम होणार नाही हे मला समजते. अंतराचा त्रास सत्तरी, काणकोण, सांगे आणि पेडणे या तालुक्यांना सर्वाधिक आहे, म्हणून वाळपई, काणकोण, सांगे आणि पेडणे येथील आरोग्य केंद्रांपासून आरंभ व्हावा. येत्या अर्थसंकल्पात तंत्रज्ञांची पदे, चार केंद्रांचे साहित्य आणि साच्यांच्या वाहनाचा खर्च यांसाठी स्वतंत्र शीर्षाखाली तरतूद करावी. त्या केंद्रांच्या मासिक अहवालात काढलेल्या दातांच्या आकड्याशेजारी भरलेले दात, केलेल्या रूट कॅनाल, बसवलेल्या कॅप आणि दिलेल्या कवळ्या यांचे आकडे असावेत, आणि कवळी दिल्यानंतर सहा महिन्यांनी रुग्ण ती वापरतो की नाही याचीही नोंद व्हावी. ही शेवटची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण दिलेली कवळी आणि वापरात असलेली कवळी यांत फार अंतर असते.

या कामासाठी डिचोली आणि सत्तरीतल्या खासगी दंतवैद्यांची मदत लागली तर ती मिळेल असा मला विश्वास आहे. माझ्यापुरते सांगायचे तर वाळपईच्या केंद्रात आठवड्यातला एक दिवस मापे घेण्याचे आणि सहायकांना प्लास्टरचे काम शिकवण्याचे काम मी विनामोबदला करीन. खात्याने होकार कळवावा, पुढच्याच आठवड्यापासून मी येऊ शकतो.

आपला विश्वासू,
एक दंतवैद्य
डिचोली, गोवा